उंचीवर बंदी नको, कॅलेंडर बदला

बोलिव्हियाने ब्राझीलला १-० हरवलं त्या दिवसापासून जो तो एकच बोलतोय, की चार हजार मीटरवर कसली मॅच, बंद करा हे स्टेडियम, फिफा झोपलीय का वगैरे. मॅच होती ९ सप्टेंबर २०२५ ला ला पाझच्या डोक्यावर वसलेल्या एल आल्तो शहरात, २०२६ वर्ल्ड कपच्या दक्षिण अमेरिकन क्वालिफायरचा शेवटचा राउंड, आपल्याकडे तेव्हा १० तारखेची पहाट होती. हाफटाइमच्या तोंडावर, इंज्युरी टाइममध्ये रोबेर्तो फर्नांडेझला बॉक्समध्ये पाडलं, रेफ्री व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ रीप्लेच्या, स्क्रीनवर जाऊन आला, पेनल्टी दिली आणि २१ वर्षांच्या मिगेल तेर्सेरोसने अॅलिसनसारख्या गोलकीपरला हरवून बॉल जाळ्यात घातला. त्याच वेळी तिकडे व्हेनेझुएला स्वतःच्या मैदानावर कोलंबियाकडून ६-३ ने हरत होता, त्यामुळे बोलिव्हिया सातवा आला आणि प्ले-ऑफची, म्हणजे वर्ल्ड कपच्या उरलेल्या जागांसाठी खेळायची, संधी मिळाली. ब्राझीलच्या फेडरेशनच्या अध्यक्षांनी मॅचनंतर उंचीपासून बॉलबॉयपर्यंत सगळ्यांबद्दल तक्रार केली.

माझं म्हणणं सरळ आहे. बोलिव्हियाला आपल्या लोकांसमोर, आपल्या शहरात खेळायचा पूर्ण हक्क आहे आणि तो कोणी काढून घेऊ नये. पाहुण्या टीमला तिथे त्रास होतो हे शंभर टक्के खरं आहे, पण तो त्रास एवढा वाढतो तो फुटबॉलच्या कॅलेंडरमुळे, आणि ते कॅलेंडर दक्षिण अमेरिकेच्या सोयीने बनतच नाही.

आधी त्रासाबद्दल बोलू, कारण बोलिव्हियाची बाजू घेणारे बरेच जण तिथे काही होतच नाही असं दाखवतात आणि ते चूक आहे. ला पाझचं एर्नांदो सिलेस स्टेडियम ३,६०० मीटरच्या वर आहे, एल आल्तोचं ४,१०० च्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर नव्वद मिनिटं धावायचं. लेह-लडाखला जाऊन आलेल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण लेह ला पाझच्या स्टेडियमपेक्षा थोडं खालीच आहे आणि तिथे उतरल्या उतरल्या हॉटेलवाला, ड्रायव्हर, टूरवाला सगळे सांगतात की पहिले दोन दिवस काही करू नका, पडून राहा, पाणी प्या, आणि तरी दोन जिने चढलं की छाती भात्यासारखी चालते. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, साधारण २१ टक्के, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्याही खाली जातो, त्यामुळे प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन कमी. एक स्प्रिंट मारली की दुसरीसाठी जो दम परत यायला हवा तो येतच नाही. आणि बॉलही बदलतो, विरळ हवेत तो जास्त जोरात जातो आणि कमी वळतो, म्हणून तिथे वाढलेला खेळाडू तीस मीटरवरून बिनधास्त मारतो आणि पाहुण्या गोलीचा अंदाज चुकतो.

आकडाही आहे. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, दक्षिण अमेरिकेतल्या दहा देशांच्या शंभर वर्षांतल्या १,४६० मॅचेस घेऊन. दोन्ही टीम सारख्याच उंचीवरच्या असतील तर घरच्या टीमची जिंकण्याची शक्यता साधारण ५४ टक्के, आणि बोलिव्हियाच्या घरी समुद्रसपाटीवरची टीम आली तर तीच ८२ टक्क्यांच्या वर. हा फायदा छोटा नाहीये, मी तो नाकारत नाही.

मग प्रश्न येतो की एवढा फायदा असताना बोलिव्हिया गेला कुठे? १९९८ च्या वर्ल्ड कपपासून दक्षिण अमेरिकेत सगळे सगळ्यांशी घरी आणि बाहेर खेळतात, म्हणजे प्रत्येक वेळी बोलिव्हियाला आठ-नऊ मॅचेस उंचीवर मिळतात, आणि १९९८ ते २०२२ एकदाही तो क्वालिफाय झालेला नाही. एकूण इतिहासात मैदानावर क्वालिफायर जिंकून तो फक्त १९९४ ला गेलाय. १९३० ला क्वालिफायर नव्हतेच, १९५० ला अर्जेंटिनाने माघार घेतली म्हणून जागा मिळाली. जी गोष्ट इतकी अन्यायकारक आहे म्हणून बोंब मारली जाते तिच्या जोरावर तीसेक वर्षांत एक तिकीटही मिळालं नसेल तर बंदीची भाषा करणाऱ्यांनी जरा टेबलाकडे बघावं.

बंदी एकदा येऊन गेलीये हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. मे २००७ मध्ये फिफाने ठरवलं की २,५०० मीटरच्या वर इंटरनॅशनल मॅच नको. म्हणजे कोलंबियाचं बोगोटा गेलं, इक्वाडोरचं किटो गेलं, ला पाझ तर गेलंच. बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस स्वतः फुटबॉलवेडे, ते साहामा पर्वतावर सहा हजार मीटरच्या आसपास जाऊन बर्फात फुटबॉल खेळून आले, का तर जगाला दाखवायला. मग फिफाने मर्यादा ३,००० केली, ला पाझला सूट दिली, परत डिसेंबरमध्ये नियम फिरवला आणि शेवटी मे २००८ ला बंदी स्थगित केली. या सगळ्यात मार्च २००८ मध्ये ला पाझला निषेध म्हणून एक मॅच झाली आणि त्यात मॅराडोना खेळला. अर्जेंटिनाचा मॅराडोना, जो लहानपणापासून ऐकत आला असेल की ला पाझ म्हणजे नरक. तो तिथे जाऊन म्हणाला की इथे खेळता येतं. आणि वर्षभराने, १ एप्रिल २००९ ला, तोच अर्जेंटिनाचा कोच म्हणून ला पाझला गेला, टीममध्ये मेस्सी, तेवेझ, मास्केरानो, आणि बोलिव्हियाने ६-१ मारले. बोतेरोने हॅटट्रिक केली. एवढी नाचक्की झाल्यावर उंचीकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं होतं, मॅराडोनाने ते केलं नाही, बोलिव्हिया चांगलं खेळला म्हणून सांगितलं. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जो आदर वाटला तो त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा कमी नाही.

आता फिफाच्या काळजीबद्दल. खेळाडूंच्या तब्येतीसाठी २,५०० ची रेघ आखली म्हणे. मेक्सिकोत १९७० आणि १९८६ असे दोन वर्ल्ड कप झाले, तेव्हा तोलुकाला मॅचेस झाल्या आणि तोलुका २,५०० च्या वर आहे. तेव्हा कोणाला रेघ आठवली नाही. १९९४ ला अमेरिकेत जून-जुलैच्या भर दुपारी मॅचेस ठेवल्या, का तर युरोपात संध्याकाळी टीव्हीवर दिसाव्यात. तेव्हा खेळाडूंची तब्येत कुठे होती? कोलंबियाचं बघा, राजधानी बोगोटा उंचावर असूनही टीम कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बारांकियाला खेळते, आणि मॅच बऱ्याचदा दुपारी साडेतीनला, दमट उन्हात, ज्यात बुटाच्या आत पाणी होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन अर्जेंटिना तिथेच २-१ ने हरला. बारांकियावर बंदी घाला असं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. उन्हाचा फायदा चालतो, रिओच्या खच्चून भरलेल्या माराकाना स्टेडियमचा चालतो, कितीतरी तासांच्या विमानप्रवासाचा चालतो, फक्त डोंगराचा चालत नाही, आणि डोंगरावर राहणारा देश नेमका या खंडातल्या गरीब देशांपैकी एक आहे. हा योगायोग मला पटत नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, गोव्यातही तेच, मीही त्यातलाच, लहानपणापासून पिवळी जर्सी. त्यामुळे ही सगळी चर्चा आपण ऐकतो तीच मुळात मोठ्या टीमच्या बाजूने. नेमारने २०१७ ला ला पाझच्या ०-० नंतर ऑक्सिजन मास्क लावलेला फोटो टाकला तो सगळ्यांनी बघितला. २०१३ ला मेस्सीला मैदानावर उलटी झाली तेही सगळ्यांना आठवतं. पण बोलिव्हियाची टीम खाली जाऊन काय भोगते त्याचा फोटो कोणी टाकत नाही. याच क्वालिफायरमध्ये ब्राझीलने बेलेमला ५-१, अर्जेंटिनाने ब्युनोस आयर्सला ६-० आणि मेस्सीची हॅटट्रिक. १९९३ ला ला पाझमध्ये बोलिव्हियाने ब्राझीलला २-० हरवलं, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल, पहिला एचेव्हेरीचा, ब्राझीलचा गोलकीपर ताफारेलच्या पायांत गोंधळून आत गेलेला. क्वालिफायरच्या इतिहासातला ब्राझीलचा तो पहिला पराभव. आणि महिनाभरात रेसिफेला ब्राझीलने ६-० ने उट्टं काढलं. तेव्हा कोणी म्हणालं का की दमट समुद्रकिनाऱ्यावर डोंगरातल्या पोरांना खेळवणं अमानुष आहे?

आता मुख्य मुद्दा, आणि त्यासाठी १९७३ ची गोष्ट सांगितलीच पाहिजे. अर्जेंटिनाने १९६९ ला ला पाझमध्ये ३-१ मार खाल्ला होता आणि १९७० चा वर्ल्ड कप हुकला होता. पुढच्या वेळी कोच ओमार सिवोरीने ठरवलं की हे परत होऊ द्यायचं नाही. त्याने मुख्य टीम बाजूला ठेवली आणि तरुण पोरांची एक वेगळी टीम उत्तरेला डोंगरात, तिलकाराला पाठवून दिली, फक्त ला पाझच्या एका मॅचसाठी. महिनाभर ती पोरं तिथे राहिली, पळाली, हवेला सरावली. त्यात पुढे स्टार झालेले १९ वर्षांचा केम्पेस आणि बोचिनी होते. फेडरेशन त्यांना तिकडे पाठवून विसरूनच गेली म्हणतात, खायचे पैसे पुरेनात तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या टीम्सशी मॅचेस खेळून पोरांनी पैसे जमवले. या टीमचं नावच पडलं भुताची टीम, कारण ती कोणाला दिसतच नव्हती. २३ सप्टेंबर १९७३ ला ही भुतं ला पाझमध्ये उतरली आणि फोर्नारीच्या गोलवर १-० जिंकून गेली. अर्जेंटिना १९७४ च्या वर्ल्ड कपला गेला.

म्हणजे उपाय पन्नास वर्षांपूर्वीच सापडला होता. वेळ द्या, शरीर सरावतं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, श्वास बसतो, बॉलचा अंदाज येतो. जादू काही नाही.

आज हा उपाय का करता येत नाही? कारण खेळाडू युरोपातल्या क्लबचे आहेत आणि क्लब त्यांना सोडतात ते इंटरनॅशनल विंडोपुरतं, म्हणजे देशाच्या मॅचेससाठी फिफाने ठरवलेल्या दिवसांपुरतं, साधारण नऊ दिवस, त्यात दोन मॅचेस. रविवारी माद्रिद किंवा लंडनला क्लबसाठी खेळायचं, अटलांटिक ओलांडायचा, गुरुवारी एक मॅच, मंगळवारी दुसरी, परत विमान, आणि शनिवारी क्लबच्या मैदानावर हजर. ब्राझील गुरुवारी ४ सप्टेंबरला रिओमध्ये चिलीशी खेळला, ३-० जिंकला, आणि मंगळवारी ९ तारखेला एल आल्तोमध्ये होता. मधल्या पाच दिवसांत कोणाचं शरीर सरावणार? म्हणून डॉक्टर उलटा सल्ला देतात, की सरावता येणारच नसेल तर शक्य तितकं उशिरा वर जा, कारण डोकेदुखी-मळमळ सुरू व्हायला काही तास लागतात, त्याच्या आत खेळा आणि उतरा. टीम्स खाली मुक्काम करतात आणि मॅचच्या दिवशी विमानाने वर येतात. ही पळवाट आहे, तयारी नाहीये, पण दिलेल्या दिवसांत दुसरं काही शक्यच नाही. आणि मग हरलं की राग कोणावर? क्लबवर नाही, फिफावर नाही, दक्षिण अमेरिकेची फुटबॉल संघटना कॉन्मेबोलवर नाही, तर एल आल्तोवर.

एल आल्तोबद्दलच्या एका आक्षेपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. लोक म्हणतात की ठीक आहे, ला पाझ पूर्वीपासून होतं, पण २०२४ मध्ये मुद्दाम आणखी पाचशे मीटर वर का गेलात? हो, मुद्दाम गेले. याच मोहिमेत ला पाझला अर्जेंटिनाने ३-० आणि इक्वाडोरने २-१ हरवलं होतं, टीम तळाजवळ होती. नवा कोच ओस्कार विजेगास आला, ५ सप्टेंबर २०२४ ला एल आल्तोमध्ये पहिली मॅच झाली आणि व्हेनेझुएलाला ४-०. त्यानंतर तिथे कोलंबियाला १-०, पॅराग्वेशी २-२, उरुग्वेशी ०-०, चिलीला २-०, ब्राझीलला १-०. सहा मॅचेस, एकही हार नाही. उंचीचा हिशोब केला होता हे उघड आहे आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

पण एल आल्तो म्हणजे मॅचसाठी डोंगरावर नेऊन ठेवलेलं रिकामं मैदान आहे का? ते दहा लाखांच्या घरातलं शहर आहे. खेड्यांतून, खाणींतून उठून आलेल्या आयमारा या मूळनिवासी लोकांनी वसवलेलं, विटांची अर्धवट घरं, प्रचंड मोठा आठवडी बाजार, खाली ला पाझला कामाला जाणारी माणसं, आता २०१४ पासून केबल कारने जातात. ऑक्टोबर २००३ मध्ये देशाचा गॅस परदेशी विकण्याच्या प्रश्नावर याच शहराने रस्ते अडवले, गोळीबारात कितीतरी माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्षाला देश सोडून जावं लागलं. एवढं मोठं, एवढं देशाच्या राजकारणात वजन असलेलं शहर, आणि नॅशनल टीमची क्वालिफायर मॅच तिथे २०२४ पर्यंत झालीच नव्हती. माणसं जिथे राहतात, बाजाराला जातात, पोरं शाळेत जातात आणि रविवारी ऑल्वेज रेडी क्लबची मॅच बघतात, तिथे पाहुण्यांना त्रास होतो म्हणून मॅच ठेवू नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? जन्मभर जिथे श्वास घ्यायचा ती हवा खेळाला चालत नाही म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे.

बोलिव्हियाच्या फेडरेशनला मात्र मी मोकळं सोडणार नाही. उंची पॉइंट देते, खेळाडू घडवत नाही. संपूर्ण मोहिमेत बाहेरच्या नऊ मॅचेसपैकी एकच जिंकली, सांतियागोला चिलीशी २-१, आणि क्वालिफायरमध्ये बाहेर जिंकायची वेळ आली ती १९९३ नंतर पहिल्यांदा. एकतीस वर्षं! आणि ब्राझीलला बुडवणारा तेर्सेरोस बघा, तो डोंगरावरचा नाही, सांता क्रूझचा, ४०० मीटरवरच्या गरम सपाटीवरचा, आणि घडला कुठे तर ब्राझीलच्या सांतोसमध्ये. १९९४ च्या टीमचे दोन हिरे, एचेव्हेरी आणि एर्विन सांचेझ, तेही सांता क्रूझच्याच ताउइची अकादमीचे, जी १९७८ ला सुरू झाली. म्हणजे बोलिव्हियाचं सगळ्यात चांगलं फुटबॉल खालच्या सपाटीवर आणि पोरांना शिकवण्यातून आलंय. इक्वाडोरने हे ओळखलं. किटो २,८०० मीटरच्या वर, त्यांनीही वर्षानुवर्षं त्याचा फायदा घेतला, पण बरोबरीने पोरं घडवली, युरोपात पाठवली, आणि आता त्यांना उंचीची गरज उरली नाहीये, ब्राझील एल आल्तोत हरत होता त्याच रात्री इक्वाडोरने अर्जेंटिनाला ग्वायाकिलला, समुद्राच्या पातळीवर, १-० हरवलं. बोलिव्हियाने एल आल्तोचे सहा निकाल बघून खुश होऊन बसू नये, तिकिटांचे आणि टीव्हीचे पैसे सांता क्रूझ आणि कोचाबांबाच्या पोरांवर लावावेत. नाहीतर पुढची एकतीस वर्षं अशीच जातील.

आणि कॅलेंडर बदलणं काही अशक्य नाही, ते बदलतंच आहे. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या वेगवेगळ्या विंडो एकत्र करून सोळा दिवसांची एक विंडो होणार आहे, चार मॅचेसची. इथे कॉन्मेबोलने अक्कल वापरावी. ज्या टीमला बोलिव्हियाला जायचंय तिची ती मॅच या सोळा दिवसांत शेवटी ठेवा, आणि शक्य असेल तर आधीची मॅच किटो किंवा बोगोटासारख्या मधल्या उंचीवर ठेवा, म्हणजे आठवडाभर तरी खेळाडू हळूहळू वर चढतील. पूर्ण सरावणं यातही होणार नाही, चार मॅचेस खेळताना महिनाभर तिलकाराला जाऊन राहता येत नाही, पण आजच्या पळवाटेपेक्षा हे कितीतरी बरं. युरोपातले क्लब कुरकुर करतील, करू द्या. खेळाडूंच्या तब्येतीची काळजी खरीच असेल तर तिची किंमत क्लबनी चार दिवस सोडून द्यावी, एल आल्तोच्या लोकांनी आपली टीम सोडून देऊन का द्यावी?

हे आत्ताच ठरायला हवं, कारण २०३० च्या वर्ल्ड कपची अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे यांच्याकडे स्पर्धेच्या शंभरीच्या निमित्ताने एकेक मॅच आहे आणि त्यांची वर्ल्ड कपची जागा आधीच पक्की झालीये. क्वालिफायरचं गणित त्यामुळे नव्याने मांडावं लागणार, तारखाही नव्याने लागणार, आणि त्या टेबलाभोवती बसताना ब्राझीलच्या फेडरेशनने स्टेडियम बंद करायची मागणी घेऊन यायच्याऐवजी जास्तीच्या दिवसांची मागणी घेऊन यावं, बोलिव्हियाही त्याला आनंदाने सही करेल.